पानाची वरची बाजू

डिसेंबरातला शेवटचा शनिवार, सकाळी साडेदहा. जागा: मनीषनगरातलं माझं जेवणाचं टेबल. हजर: मी, सदर भागात मोबाईल दुरुस्त करणारा आमचा कारागीर, आणि मौद्याहून एसटीने आलेली एक बाई. ती कचेरीत टेलिफोन सांभाळते, तिला जन्मापासून दिसत नाही.

तिच्या लिपिकाच्या परीक्षेला पाच आठवडे उरले होते. झेरॉक्स काढलेल्या नोट्स घरी नणंद वाचून दाखवायची. "कंटाळली की पानं गाळते," ती म्हणाली, "अन् मले ते पेपरातच कळते."

तिच्यासारख्यांसाठीच आम्ही यंत्र केलं होतं: लाकडी स्टँड, वर जुना मोबाईल. खाली पान ठेवायचं, बटण दाबायचं, मोबाईल मोठ्याने वाचतो. कोणालाही परवडावं, म्हणून जुनाच मोबाईल. माझ्या यादीतल्या अकराही कामांपुढे बरोबरच्या खुणा झालेल्या. नववं काम: डोळ्यांना पट्टी बांधून चाचणी. तीन आठवडे मी आणि कारागीर आळीपाळीने ओढणी बांधून बसलो होतो. एकदाही चुकलं नव्हतं.

तिने पान ठेवलं, बटण दाबलं. यंत्र गप्प. पुन्हा दाबलं. गप्प.

"काहून गा भाऊ, हे बोलून नाही राहिलं?"

"पान उलटं ठेवलं ना ताई तुम्ही, वरचं टोक खाली. सुलटं ठेवा, बरोबर बोलते."

"हाताले तर दोन्हीकून सारखंच लागते. सुलटं कोणतं, हे मले कोण सांगन?"

कारागीर हसला. मला त्याचा संताप आला, आणि लगेच स्वतःचाही. तीन आठवडे आम्ही दोघांनी आधी पान नीट सरळ ठेवलं होतं आणि मग डोळ्यांवर पट्टी बांधली होती!

"पान उलटं आहे, एवढं तरी त्याला बोलायला लाव," मी म्हटलं.

"सोमवारी करतो मॅडम. तोवर पानाचा वरचा कोपरा कापून ठेवू."

"अन् तो कापन कोण?" ती म्हणाली. "नणंदच ना?"

यंत्र न घेताच ती दुपारच्या एसटीने परत गेली. नवव्या कामापुढची खूण मी खोडली आणि खाली बारावं लिहिलं: पान उलटं असेल तर यंत्राने तसं सांगावं.

त्यानंतर दोन सोमवार गेले. मी कारागिराला रोज फोन करते, रोज "होऊन राहिलं मॅडम" ऐकते. तिच्या परीक्षेला तीन आठवडे उरलेत, आणि बाराव्यापुढे अजून खूण नाही.