मातृभाषेचा रकाना

साकीनाक्याच्या मागच्या गल्लीत, लेथ मशीनच्या आवाजात आमची शाळा भरते. मराठी माध्यमाची, अनुदानित. मी तिथे एकवीस वर्षं मराठी शिकवते आहे. पूर्वी वर्गात मुलं मावत नव्हती. आता बाक मावत नाहीत, कारण बंद पडलेल्या तुकड्यांचे बाक आम्ही चालू वर्गांत आणून ठेवलेत.

दोन-तीन वर्षांपूर्वी वरून पत्र आलं, की यंदाचा मराठी भाषा दिन सर्वसमावेशक पद्धतीने साजरा करावा आणि फोटो पाठवावेत. मुख्याध्यापिकांनी समिती नेमली: त्या स्वतः, मी आणि पीटीचे सर. सरांच्या मोबाइलचा कॅमेरा चांगला होता.

"सर्वसमावेशक म्हणजे नेमकं काय करायचं?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, "कथाकथनाच्या स्पर्धेत एक वेगळा गट ठेवू. अमराठी मुलांचा. म्हणजे त्यांनाही मेडल मिळेल."

दोघांनाही कल्पना आवडली. अहवालात ती मुख्याध्यापिकांच्या नावावर गेली, पण कल्पना माझी होती. ती कुठेतरी नोंदलेली असावी म्हणून इथे सांगते.

यादी करायला मी शाळेचं रजिस्टर काढलं. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे मातृभाषेचा रकाना असतो. अकरा नावं निघाली. आठ हिंदी, दोन तेलुगू आणि एक उर्दू. उर्दूवाली मुलगी नववीतली होती. सहामाहीत मराठीला वर्गात पहिली आलेली. तिचा पेपर मीच तपासला होता आणि निबंधाखाली 'छान' असं लिहिलं होतं. तरीही मी तिचं नाव यादीत लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही.

यादी फळ्यावर लागली आणि मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात आली.

"बाई, माझं नाव चुकून दुसऱ्या गटात पडलंय."

"चुकून नाही गं. तुझ्यासाठीच आहे तो गट. सोपं जाईल तुला."

"काय सोपं जाईल?"

काय सोपं जाईल, हे मलाही सांगता येईना.

"मी मराठीच आहे, बाई," ती म्हणाली. "आमचा गाव रत्नागिरीकडे आहे."

'आमचा गाव'. पुस्तकी बोलणारे 'आमचं गाव' म्हणतात. आमच्या घरी, मुलुंडला, आजही 'आमचा गाव'च म्हणतात, कारण आजोबा कोकणातून गिरणीत कामाला आले तेव्हा सामानाबरोबर तो गावही तसाच घेऊन आले. शाळेत पाचवीच्या बाईंनी मला यावरून वर्गासमोर उभं केलं होतं. म्हणाल्या, शुद्ध बोल. त्या दिवसापासून मी शुद्ध बोलते, आणि त्याच बळावर मला नोकरी लागली.

"पण रजिस्टरमध्ये उर्दू लिहिलंय," मी म्हटलं.

"कोणी लिहिलं? आमच्याकडे उर्दू कोणालाच येत नाही. अब्बांना तर मशिदीच्या पाटीवरचं नाव पण वाचता येत नाही उर्दूतलं."

आम्ही दोघी ऑफिसात गेलो. तिथले क्लार्क भाऊ शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी रजिस्टर बघितलं आणि अक्षर आपलंच असल्याचं कबूल केलं.

"प्रवेशाच्या वेळी विचारलं होतं का?" मी म्हटलं.

"यात विचारायचं काय?" ते म्हणाले. "नाव बघून कळतं ना."

"मग आता बदला."

"असं बदलता येत नाही, बाई. पुरावा लागतो."

"मातृभाषेचा पुरावा काय असतो?" मुलीने विचारलं.

भाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. मग म्हणाले, "आईला घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी आई आली. काळा बुरखा, हातात भाजीची पिशवी. भाऊंनी उठून खुर्ची दिली आणि म्हणाले, "आइए, बैठिए. क्या काम था?"

"मुलीच्या रजिस्टरचं काम होतं," ती म्हणाली. "भाषा चुकीची पडलीय."

"हां, वो तो सही है, लेकिन उसका प्रोसिजर रहता है."

"किती दिवस लागतील?"

"वो ऊपर भेजना पडेगा."

असं पाच-सात मिनिटं चाललं. ती मराठीत विचारत होती, भाऊ हिंदीत उत्तर देत होते, आणि दोघांनाही एकमेकांचं व्यवस्थित समजत होतं. शेवटी तीच थांबली आणि म्हणाली, "भाऊ, तुम्ही मराठी शाळेत हिंदी का बोलताय? काही त्रास आहे का?"

मला हसू आलं. मी मध्ये पडले आणि म्हणाले, "अरे, आप बुरा मत मानिए..."

तिने माझ्याकडे बघितलं. मुलीनेही. मी वाक्य तिथेच सोडलं. एकवीस वर्षं मराठीची बाई आहे मी.

मग चहा आला. बोलता बोलता तिने विचारलं, "तुमचा गाव कुठला, बाई?" मी सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे खाडीच्या पलीकडेच. आमच्या इथून तरीच्या होडीने जातात तिकडे." आजारी माणसाला दाखवायला तिचे सासरे आमच्या गावातल्या वैद्याकडे यायचे, हेही तिने सांगितलं. आमच्या गावात वैद्य होता हे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात चार वेळा गावाला गेले आहे. ती दर मे महिन्यात जाते.

भाऊंनी अर्ज घेतला. त्यावर पुराव्याच्या जागी लिहिलं, 'आई समक्ष बोलली.'

आता प्रश्न यादीचा होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "यादी वर गेलीय. हवं तर तिला दोन्ही गटांत घ्या."

मुलगी म्हणाली, "नको. एकाच, सगळ्यांच्या गटात. आणि बाई, तो दुसरा गट कशाला हवाय? बाकीच्या दहा जणांना पण मराठी येतं. इथेच जन्मलेत सगळे."

मला हे पटलं. म्हणून मी आठवीतल्या एका मुलीला विचारलं. तिचं कुटुंब उत्तर प्रदेशातलं, वडील रिक्षा चालवतात. तुला सगळ्यांबरोबर बोलायला आवडेल ना, असं मी जरा आशेनेच विचारलं.

"नको ना, बाई," ती म्हणाली. "वेगळ्या गटात आम्ही दहाच आहोत. तीन मेडलं आहेत. मी हिशेब केलाय."

तिचा हिशेब बरोबर होता. गट राहिला.

स्पर्धेच्या दिवशी पाहुणे आले. बोरीवलीचे, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मराठीवर प्रेम असलेले. नववीतल्या मुलीने गोष्ट सांगितली ती तिच्या आजीची. आजीला भरतीच्या वेळी तरीत कळा सुरू झाल्या, आणि तरवाल्याने पोहोचेपर्यंत होडी कशी चालवली, हे ती त्याच्याच आवाजात सांगत होती, कोकणी हेल काढून. तरवाला सगळ्या देवांची नावं घेत होता, आजी सगळ्या पिरांची, आणि मध्येच दोघंही वाऱ्याला शिव्या घालत होते. शिव्या तिने गाळल्या आणि गाळल्याचं सांगितलं. सभागृह हसून लोळत होतं. पीटीचे सर फोटो काढायचे विसरले. मी अकरा वर्षांची असताना माझी आजी गेली. तिचा तो हेल मी कित्येक वर्षांनी ऐकत होते, आणि मला नाक पुसावं लागलं.

तिला दुसरा नंबर मिळाला. पहिला एका मुलाला मिळाला, त्याची गोष्ट शिवरायांची होती आणि त्याने फेटा घातला होता.

बक्षिसं देऊन झाल्यावर पाहुण्यांनी माइक हातात घेतला. "आणि मला विशेष कौतुक वाटलं ते आपल्या या लेकीचं. अमराठी असूनसुद्धा किती सुंदर मराठी बोलली! जोरदार टाळ्या!"

टाळ्या पडल्या. ती स्टेजवर ट्रॉफी धरून उभी होती. तिने टाळ्या संपायची वाट बघितली. मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. सरांनी गणित सोडवताना चूक केली की पहिल्या बाकावरची मुलं बघतात, तसं.

आभार माझ्याकडे होते. मी माइक घेतला. पाहुण्यांचे आभार, पालकांचे आभार, चहा देणाऱ्यांचे आभार. कागद संपला. मी म्हटलं, "एक दुरुस्ती आहे. पाहुण्यांची चूक नाही, आमच्या रजिस्टरची आहे. आणि यादी मी केली होती. ही मुलगी मराठी आहे. हिचा गाव आणि माझा गाव एका खाडीवर आहे. तिने जे मराठी बोलून दाखवलं ते मला येत होतं. आता येत नाही."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण ही टाळ्यांची जागा आहे की नाही हे कोणालाच कळलं नाही. मागच्या रांगेतून तिची आई तेवढी मोठ्याने म्हणाली, "बरोबर!"

पाहुणे चहाला थांबले नाहीत. त्यांना बोरीवलीला लवकर पोहोचायचं होतं. मुख्याध्यापिका दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बोललीस ते ठीक होतं गं. पण आधी मला सांगायचं होतंस." हे त्यांचं खरं होतं. आठवीतल्या मुलीला मेडल मिळालं. अहवालात तिचा फोटो आहे.

भाऊंचा अर्ज वरून दोनदा परत आला. आई समक्ष बोलली हा पुरावा त्यांना चालला नाही. तिसऱ्या खेपेला कोणीतरी सही केली. का केली ते कळलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मुलगी दहावी झाली. चांगल्या मार्कांनी. घाटकोपरच्या कॉलेजात तिला सायन्सला प्रवेश मिळाला. जुलैमध्ये ती आईबरोबर शाळेत आली. आईने फणसाच्या रसाची सांदणं आणली होती. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी खाल्ली. भाऊंनी चार खाल्ली आणि आईशी शुद्ध मराठीत बोलले, इतकं शुद्ध की तिला एक-दोन शब्द पुन्हा विचारावे लागले.

मी मुलीला म्हटलं, "मराठी घेतलंस ना तिकडे?"

ती जरा घुटमळली.

"नाही बाई. मराठीच्या जागी आयटी घेतलं. स्कोअरिंग असतं ना."

मी म्हटलं, "बरं केलंस." माझ्या मुलानेही तेच घेतलं होतं.