गेरू-चुन्यातलं जातं

तमाम मानवजातीला अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं, की मुळशी तालुक्यातल्या एका लष्करी गोळीबार मैदानावर प्रस्तुत लेखकाने अश्मयुगीन माणसाचं दगडी हत्यार स्वहस्ते शोधून काढलं. गारगोटीचं पातळ, धारदार पातं, कडेला ठोकल्याची स्पष्ट खूण. मी टोपी काढली, आवाज खाली आणला, पूर्वजांना वंदन वगैरे केलं. आमच्याबरोबर दिलेले सुभेदार साताऱ्याकडचे. त्यांनी पातं उलटसुलट पाहिलं, मागचा फुटलेला खडक पाहिला आणि म्हणाले, "सर, याचा कारागीर सध्या रजेवर गेलाय. सोमवारी हजर होईल."

गोळी लागून गारगोटी फुटली की अगदी तसलीच ढलपी निघते. मी टोपी परत घातली.

मैदानाच्या टोकाला गोळ्या अडवायला मातीचा नवा मोठा बांध घालायचा होता. त्याखाली जमीन गाडली जाण्याआधी, त्या जागी अश्मयुगापासून परवापरवापर्यंत कोण राहिलं, कुणी काय पिकवलं, हे पाहून ठेवण्याचं काम आमच्या पुरातत्त्व पथकाकडे आलं होतं. रीत साधी. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं, मान खाली घालून चालायचं, खापरी दिसली की झेंडी रोवायची. मान खाली घालून चालण्याचा सराव मला घरीच भरपूर झालेला, त्यामुळे काम जमलं.

फाटकापासून आत जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना दगड मांडलेले होते. एक गेरूने रंगवलेला, एक चुन्याने, पुन्हा एक गेरूने. झाडांचे बुंधेही तसेच. मी सुभेदारांना म्हटलं, "मी इथं फार वेळ उभा राहिलो तर मलाही रंगवाल."

"शनिवारपर्यंत उभे राहा," ते म्हणाले.

मैदान होण्याआधी तिथे एक वाडी होती. जमीन गेली, माणसं उठली आणि पांगली. त्यातली एक म्हातारी मावशी आता नांदे गावात मुलाकडे राहते. तिच्या खिडकीतून इमारतीच दिसतात, आणि इमारतींच्या मागे इमारती. खाचरांची, ओढ्यांची जुनी नावं सांगायला तिला आणायचं ठरलं. एका दिवसाची परवानगी मिळाली. त्या दिवशी गोळीबार बंद.

जीपमध्ये मी तिच्यापुढे हात जोडून म्हटलं, "मावशी, आज तुम्ही सरकारी पाहुण्या. पायघड्या राहिल्या, पण रस्ता रंगवून ठेवलाय."

"तू तमाशात हुतास का रं बाबा?" तिने विचारलं. सुभेदार ड्रायव्हरशेजारी बसून पाठमोरे हसले.

मग ती म्हणाली, "नावं सांगते समदी. पर मला एक जागा बघायची हाय. माजी पयली लेक. पाचवी पुजली, बारसं न्हाई बघितलं तिनं. परसात पुरली, आंब्याखाली. कोल्हं उकरतंय म्हणून सासूनं वर जात्याची वरची तळी ठिवली. घरात दुसरं जड काय न्हवतंच."

"मग दळण?"

"शेजारी." ती बाहेर बघत राहिली. "त्याच्यावरच बांद घालनार ना तुमी? त्याच्याआदी एकदा बघू दे."

हजारो वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमधले लोक मेलेलं तान्हं मूल दोन मडक्यांत घालून, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, राहत्या घराच्या जमिनीतच पुरायचे. हा विषय मी फार रंगवून सांगतो. दोन हातांची मडकी करून दाखवतो, मध्ये थांबतो, समोरची माणसं श्वास रोखतात. जीपमध्ये ते सगळं माझ्या तोंडाशी आलं. हात मांडीवरून हलले नाहीत. मी खिडकीची काच वर केली, परत खाली केली.

घर सापडलं. म्हणजे गवतात दडलेलं जोतं आणि दगडात कोरलेलं उखळ. मावशीने उखळात हात घातला, पालापाचोळा बाहेर काढला, हात लुगड्याला पुसला. "हितंच," ती म्हणाली. मागे वळली तर आंबा नव्हता. परसही नव्हतं. कधीतरी यंत्र फिरवून तेवढा तुकडा सपाट केलेला, त्यावर कमरेएवढं वाळकं गवत.

मग आम्हाला जे एकच येत होतं ते आम्ही केलं. ओळीत उभे राहिलो. मावशी मध्ये, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला सुभेदार. ते आमच्या कामात कधी पडत नसत. त्या दिवशी न सांगता ओळीत आले. गवत दाबत, मान खाली घालून चाललो. टोकाला जाऊन वळलो, पुन्हा चाललो. बांगडीचा तुकडा मिळाला. खापऱ्या मिळाल्या. गंजलेलं काडतूस मिळालं. दगड पुष्कळ होते, तळी नव्हती. मी एकही झेंडी रोवली नाही.

"ऱ्हाऊ द्या," शेवटी तीच म्हणाली. मग जोत्यावर बसून तिने खाचरांची नावं सांगितली, एकेक करून, कबूल केल्याप्रमाणे. मी लिहून घेतली. अक्षर चांगलं आलंय.

परतताना तिला जीपमध्ये बसायचं नव्हतं. पाय मोकळे करते म्हणाली. रंगवलेल्या दगडांच्या कडेने ती पुढे, मी मागे. फाटक दिसायला लागलं आणि ती थांबली. गेरूचा एक गोल दगड, मध्ये भोक, कडेला आणखी दोन भोकं. त्यातलं एक फुटलेलं.

हा दगड मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. फोटोखाली लिहिलंही होतं: जात्याची तळी, मूळ जागेवर नाही.

"खुंट्याचं भोक फुटलं," ती त्या फुटक्या भोकात बोट घालून म्हणाली, "म्हणून पाथरवटाकडनं दुसरं पाडून घेतलं हुतं." बोटाला गेरू लागला. तिने तो दुसऱ्या बोटाने चोळला.

सुभेदार तिच्याजवळ उकिडवे बसले. दगड मैदानातूनच गोळा करतात, हा कुणी कधी उचलला ते आता कुणालाच सांगता यायचं नाही, असं ते तिला हळूहळू सांगत होते. ती मान हलवत होती, जशी दुसऱ्याच्या घरची गोष्ट ऐकतेय. मला आठवतंय की मी पुढच्या चुन्याच्या दगडाकडे बघत होतो आणि तो नीट रंगवलेला नाही, असं माझ्या मनात आलं.

सुभेदारांनी दोन्ही हातांनी तळी जमिनीतून हलवली. खाली ओलसर गोल खळगा उरला, त्यात एक गोम पळाली.

"मावशी, साहेबांना मी सांगतो काय ते," ते म्हणाले. "गाडीत ठेवतो. घरी घेऊन जा."

तिने खळग्यात पाहिलं, तळीकडे पाहिलं, आणि एकदम मोठ्याने म्हणाली, "न्हेते की. पर ठिवू कुणावर?"