आठ दिवसांची सवय

नांदेडच्या इतवाऱ्यात चांदपाशांचं चामड्याचं छोटं दुकान आहे. पोलिसांचे पट्टे आणि पिस्तुलाची होल्स्टरं शिवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. माणसाच्या नुसत्या चालीवरून त्याच्या कमरेला पिस्तूल आहे की नाही ते आपण ओळखतो, अशी त्यांची फुशारकी. ती खोटी नव्हती, पण त्यांच्या बायकोला, मलिकाला, ती रोज ऐकावी लागे.

एका गुरुवारी मनस्विनी आली. कंधारची मुलगी, पोलिसात तीन वर्षं टेबलावरच्या कामाला. सोमवारपासून बसस्टँडवर साध्या वेशात तिची पहिलीच ड्युटी होती. मिळालेलं होल्स्टर कुर्त्याखाली फुगून दिसायचं आणि बसलं की बरगडीत रुतायचं. ‘दिसलं तर परत टेबलावर,’ असं साहेबांनी बजावलं होतं. या ड्युटीसाठी तिने दोन वर्षं अर्ज केले होते.

चांदपाशांनी रिवाजाप्रमाणे तिला ताठ उभं केलं. पण बाईमाणसाच्या कमरेला टेप लावायची वेळ आली तशी त्यांची पंचाईत झाली. दुकानामागेच घर होतं. त्यांनी मलिकाला हाक मारली आणि तिने माप घेतलं.

शनिवारी होल्स्टर तयार झालं. मनस्विनीने त्यात साच्याचं लाकडी पिस्तूल घालून ते चढवलं. उभी होती तोवर झकास. स्टुलावर टेकली आणि तिचा चेहराच आवळला.

“नव्याला रुततंच, बेटा. आठ दिवसांत सवय होते,” चांदपाशा म्हणाले. तीस वर्षं ते प्रत्येकाला हेच सांगत आले होते.

“अजी, ती काय दिवसभर उभीच ऱ्हाणार हाय का?” मलिका पडद्यामागून बाहेर आली. “तुमी सगळ्यांना उभं करूनच बघून राहिलेत!”

तिने मनस्विनीला खाली सतरंजीवर बसवलं. होल्स्टर दोन बोटं खाली घेतलं आणि त्याच्या खालच्या टोकामागे, अंगाच्या बाजूने, गोधडीच्या चिंधीची जाड घडी सरकवली. टोक बाहेर आलं तशी वरची पिस्तुलाची मूठ अंगाकडे झुकली. कुर्त्यावरचा फुगवटा गेला.

“माझ्या कामात चिंधी?” चांदपाशा कडाडले. पण पोरगी बसली, उठली, वाकून बुटाची नाडी बांधली, आणि चेहऱ्यावर आठी नाही. त्यांनी तोंड वाकडं करत त्या घडीवर मऊ चामडं शिवून दिलं. मनाला मात्र लागलं ते लागलंच.

सोमवारी दुपारी मनस्विनी दुकानात आली. चांदपाशांनी तिची चाल पाहिली, कमर पाहिली, आणि चहा पुढे करता करता तिला फैलावर घेतलं.

“रुतलं म्हणून घरी ठेवलंस? पहिल्याच दिवशी? असं चालत न्हाई बेटा.”

“हाय की, चाचा. सकाळपासून कमरेलाच हाय.”

मलिका ओढणी तोंडाला लावून हसली. चांदपाशांना हसू येईना. इतक्या वर्षांत एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत आलं नाही, याचा त्यांना केवढा अभिमान होता. आठ दिवसांची सवय सांगून आपण किती जणांना तसंच रुतत धाडलं, या विचाराने त्यांना फार वाईट वाटलं.

तेवढ्यात जुने हवालदार संगमेश पट्ट्याला बक्कल बसवून घ्यायला आले आणि सवयीने दारातच ताठ उभे राहिले.

चांदपाशांनी स्टूल पुढे सरकवलं.

“बसा हवालदार,” ते म्हणाले. “बसा, आन् मग सांगा, कुठं रुततं?”