रंगवलेला काटा

देवीदास पेंटर कोणालाच नाही म्हणत नाहीत, असं रायपूरशेजारच्या आमच्या बीरगावात लोक कौतुकानं सांगतात. मी त्यांची बायको आहे. मला त्याचं कौतुक नाही.

नवं राज्य झालं तेव्हा रायपूरला राजधानीचा मान मिळाला आणि आमच्या घराला काम मिळालं. प्रत्येक कचेरीच्या पाटीवर, प्रत्येक सरकारी जीपच्या दारावर ‘मध्यप्रदेश’ पुसून ‘छत्तीसगढ़’ लिहायचं होतं. हे शिडीवरच डबा खायचे. अक्षर असं की सायकलवाला थांबून पाहायचा. पण त्यांचा एक नियम होता आणि आजही आहे. गिऱ्हाईक सांगेल ते रंगवायचं, खरं-खोटं विचारायचं नाही. एका खानावळीवर त्यांनी ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिलं, तेव्हा आतून ऑम्लेटचा वास येत होता.

‘‘मले पैसे हाताचे भेटतात, नाकाचे नाही,’’ म्हणाले. तेव्हा मीही हसले होते.

पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. आता ते स्कूटरच्या नंबरप्लेटा रंगवतात. आमचा यशदीप शहराबाहेरच्या तलावावर मोटारबोट चालवतो. त्याला पोहता येत नाही. मी हा विषय काढला की तो हिंदीत उत्तर देतो, ‘‘मम्मी, बोट चलानी है, तैरना थोड़ी है।’’

मागच्या महिन्यात भर तलावात त्याचं इंजिन बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं. वारा होडीला सांडव्याकडे ढकलत होता आणि आत बायका-मुलं होती. दुसऱ्या होडीनं दोर टाकून ओढून आणलं म्हणून निभावलं. टाकी जुनी, लोखंडी. तिच्यावर पेट्रोल दाखवणारी चकती आहे, पण आतला रंग उडून गेलेला. खाली कुठे, भरलेली कुठे, काही वाचता येत नव्हतं.

म्हणून बोटींचा ठेकेदार शेखर ती टाकी आमच्या अंगणात घेऊन आला, तेव्हा मला बरं वाटलं. चहासुद्धा केला मी.

मी कामावरून परतले तेव्हा टाकी तयार होती. लालभडक रंग, काचेखाली पांढरी चकती, तिच्यावर काळ्या रेघा आणि ‘खाली’, ‘आधा’, ‘भरा’. इतकं सुरेख की मी हातातली पिशवी खाली न ठेवताच पाहत राहिले. मग लक्षात आलं. टाकी रिकामी होती आणि काटा ‘भरा’वर होता.

‘‘हे काय?’’

‘‘काटा रंगवला आहे तो. रविवारी साहेब लोक तपासणीले येऊन राहिले. शेखर भैया बोलला, काटा भरावर दिसला पाहिजे.’’

‘‘आणि खरा काटा?’’

‘‘तो काढला. खिडकीत ठेवला आहे. तो हलतच नव्हता.’’

‘‘काहून हलत नव्हता?’’

‘‘काट्याले जोडलेलं आतलं बूच पेट्रोल पिऊन जड झालं. तळाले बसते, वर येतच नाही. वाळवून चपडा मारला का तरंगते.’’

म्हणजे यांना माहीत होतं. दोष कुठे आहे आणि उपाय काय, सगळं माहीत होतं. चपड्याची, म्हणजे लाखेच्या पॉलिशची, बाटली घरातच, त्यांच्या ब्रशांशेजारी.

‘‘मग केलं काहून नाही?’’

‘‘त्यानं सांगितलं नव्हतं.’’

मी आत गेले, ब्लेड आणलं, काच उघडून तो काटा खरवडायला बसले. हे धावत आले.

‘‘अवं, ओला आहे रंग. रेघा खराब होतील.’’

रेघा. पोरगा त्या टाकीशेजारी बसणार आहे आणि यांना रेघांची काळजी. मी म्हटलं, ‘‘यशदीप सांडव्यात गेला तर त्याच्या फोटोखाली नाव तुम्हीच रंगवा. अक्षर चांगलं आहे तुमचं.’’

असं बोलायला नको होतं, असं शेजारच्या कुसुमताई म्हणाल्या. मला अजूनही तसं वाटत नाही.

त्यांनी माझ्या हातातलं ब्लेड घेतलं, उरलेला काटा स्वतः काढला, टाकीतून बूच बाहेर काढून खिडकीत वाळत ठेवलं. वाळल्यावर चपड्याचा हात दिला, तो सुकला की पुन्हा दिला.

आज शेखर आला. चकतीवर काटाच नाही हे पाहून म्हणाला, ‘‘पेंटर साहब, मजाक कर रहे हो क्या?’’

‘‘एक दिन और लगेगा। असली काँटा चलेगा।’’

‘‘असली किसने माँगा?’’

हे ब्रशांकडे वळले. मला वाटलं, आता ब्रश उचलतील. उचलला नाही. शेखरनं टाकी तशीच गाडीत टाकली आणि म्हणाला, ‘‘काँटा मैं कहीं और बनवा लूँगा। और अपने लड़के को बोलो, कल से दूसरा काम देख ले।’’

‘‘देख लेगा,’’ हे म्हणाले. आवाज इतका बारीक की शेखरनं ऐकलं की नाही, कोण जाणे.

यशदीप दोघांवर चिडून न जेवता झोपला. माझी नोकरी तुम्ही घालवली, म्हणतो. घालवलीच. मला त्याचं वाईट वाटत नाही. राग मात्र उतरत नाही. शेखरवरचा नाही आणि यांच्यावरचाही नाही. एवढं साधं ‘नाही’ म्हणायला बायकोच्या हातात ब्लेड यावं लागलं.

आणि टाकी तर गेली. उद्या रविवार. तिच्याशेजारी दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा बसेल आणि ‘भरा’ वाचून लोकांना तलावात नेईल. हे मनात आलं तेव्हा मी यांना हलवून उठवलं.

‘‘सकाळी बूच आणि काटा घेऊन तलावावर जायचं. साहेब लोकांसमोर टाकी उघडून बसवायचं.’’

‘‘शेखरनं सांगितलं नाही.’’

‘‘मी सांगून राहिले.’’

ते उठून बसले. बूच हातात घेऊन, नखानं चपडा वाळला का पाहिलं. मग विचारलं, ‘‘काटा लाल करू का काळा?’’