माझ्या भाच्याचं नाव इनामदार

माझा धाकटा भाऊ गहिनीनाथ पाथर्डी-नगर जीप चालवतो. त्याच्या आधी बारा वर्सं त्यानं कोपरगावाकडं ऊस तोडला. मानूस गरीब, पन लई हट्टी. पोरगं झालं तसा म्हनला, "आक्का, नाव ठरलं. इनामदार."

"आरं, ते आडनाव हाय!" मी वरडले.

"आसू दे. आपल्याला कोन इनाम देतंय? नाव तरी देऊ पोराला."

मग काय, ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. भावजय सुरेखा म्हनली, "इनामदार, दूध प्या, आसं म्हनू का मी? माझ्याच घरात मी मोलकरीन वाटंन." शाळेतले गुरुजी म्हनले, फॉर्मात घोटाळा व्हईल. जीपमधली मानसं रोज इचारायची, "काय, वाडा कदी बांधताय?" हा आपला हसायचा अन् गिअर टाकायचा. मला मात्र संताप यायचा. घरात न्हाई दाना अन् मला बाजीराव म्हना, आशातली गत! हसं आमच्या घराचंच व्हत हुतं ना!

आता आमच्यात बारशाला आत्यानं पाळन्यात वाकून कानात नाव सांगायचं, अन् बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. एकदा आत्या बोलली की नाव पक्कं. म्हंजे चावी माझ्याच हातात! मी मनातल्या मनात 'समर्थ' ठरवून टाकलं. कुनाला बोलले न्हाई.

बारशाला मी पाळन्यावर वाकले. बायांच्या घोळक्यात बाप्याचं काय काम, पन गहिनीनाथ तिथून हटंना. हळूच म्हनला, "आक्का, बारा वर्सं आबासाहेब मुकादमानं मला 'ए गह्या'शिवाय हाक मारली न्हाई. माझ्या पोराला कुनी 'ए' म्हनू नये, एवढंच."

मी बी त्याला जलमभर गह्याच म्हनत आले की! कुर्रर्र केलं अन् पोराच्या कानात सांगितलं, इनामदार. धपाटे जरा जोरातच बसले.

आता पोरगं चार वर्सांचं हाय. गेल्या दसऱ्याच्या आधी आबासाहेब मुकादम ऊसतोडीला मानसं शोधत आमच्या दारात आले. गाडीतूनच वरडले, "ए पोरा, नाव काय तुजं?"

"इनामदार."

मुकादम गडबडले. गाडीतून खाली उतरले. "इनामदार, तुमचे वडील हायेत का घरात?"

"हायेत. जेवत्यात. तुमी बसा."

अन् आबासाहेब बसले की हो ओट्यावर! गहिनीनाथ आत ताटावर बसून समदं ऐकत हुता. घास हातात तसाच, डोळे भरून आलेले. मी म्हनलं, "जा की, मुकादम वाट बघत्यात."

"बघू दे," म्हनला, अन् सुरेखाकडं आनखी एक भाकरी मागितली.