वजन उतरवणारं चूर्ण

बदलापूरला पोलीस निरीक्षक असतानाचं हे प्रकरण माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. त्यात चोरी नव्हती, मारामारी नव्हती. होतं ते एक कोडं.

कुळगावातल्या एका डॉक्टरांचा सकाळीच पोलीस ठाण्यात फोन आला. "साहेब, एक बाई ॲडमिट आहे. हृदय नुसतं धावतंय, जिवावर बेतलंय. रक्तात थायरॉइडचं हार्मोन भरमसाट, पण ग्रंथी जवळजवळ गप्प. म्हणजे ते बाहेरून पोटात जातंय. अशी ही दुसरी पेशंट."

थायरॉइड कमी पडणाऱ्यांना गोळी देतात, एवढं मला ठाऊक होतं. माझी पत्नी ती रोज उपाशीपोटी घेते. पण या दोघींना तो आजारच नव्हता. मग त्यांना गोळी देत कोण होतं, आणि कशासाठी?

जबाबात दोघींनी एकाच ठिकाणाकडे बोट दाखवलं. हेंद्रेपाड्यातल्या पार्लरवाल्या बाई वजन उतरवायचं चूर्ण विकत होत्या.

महिला हवालदारांना घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. बाई सडसडीत. पंखा सुरू असूनही चेहरा घामाने डबडबलेला, हात असे थरथरत होते की पाण्याचा पेला धरवेना.

"सर, हिचंच काम. बघा ना, किती टरकलीय," हवालदार कुजबुजल्या. मलाही तेच वाटलं.

"चूर्णात काय मिसळता?"

"काही नाही हो साहेब! उल्हासनगरहून तयार डबे येतात. मी स्वतः रोज दोन चमचे घेते. वाईट असतं तर घेतलं असतं का?"

मी थबकलो. झोप उडाल्याचं त्या दोघींनीही जबाबात सांगितलं होतं. "झोप लागते?"

"नाही. छातीत सारखं धडधडतं." त्या बघतच राहिल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांचं रक्त तपासलं. रिपोर्ट त्या दोघींसारखाच.

औषध निरीक्षकांना घेऊन आम्ही उल्हासनगरच्या गोदामावर छापा घातला. "साब, सब जडीबुटी है," व्यापारी म्हणत राहिला. पण मिक्सरमागच्या पोत्यात थायरॉइडच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं निघाली. पंचनामा झाला, नमुने सील झाले. प्रयोगशाळेचा अहवाल समोर ठेवल्यावर तो बोलला, "वजन पटकन उतरलं की गिऱ्हाईक परत येतं, साहेब."

ॲडमिट झालेली बाई वाचली. पार्लरवाल्या बाई सरकारी साक्षीदार झाल्या. गिऱ्हाइकांच्या दारोदार जाऊन त्यांनी स्वतः डबे परत आणले.

घाम आणि थरथर ही गुन्ह्याची खूण, असं आम्हाला नोकरीने शिकवलेलं. त्या दिवसापासून समोरचा माणूस थरथरताना दिसला, की मी पहिला प्रश्न त्याच्या तब्येतीचा विचारू लागलो.