कुजबुजे आणि माझं पदरचं वाक्य

आमच्या नाटक मंडळीत एक माणूस असा होता, की ज्याचं तोंड प्रेक्षकांनी कधी पाहिलं नाही. पण तो नसता तर आमची तोंडं उघडली नसती. तो आमचा प्रॉम्प्टर. त्याला सगळे कुजबुजे म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा. डाव्या विंगेत एक स्टूल, गुडघ्यावर संहिता, हातात मिणमिणती बॅटरी, कानामागे पेन्सिल. अशी तीस वर्षं. मी श्वास घ्यायला थांबले आहे की वाक्य विसरले आहे, हे त्याला माझ्या पाठीवरून कळायचं.

कुणी नटाने पदरचं वाक्य घातलं, की तो समासात बारीक टिकली काढायचा. मालक एकदा म्हणाले, "चुका टिपतोस का रे?"

"चुका नाहीत हो. पुस्तकातलं वाक्य लेखकाचं. पदरचं वाक्य माणसाच्या पोटातून येतं. ते खोटं कसं असेल?"

आम्ही पोट धरून हसलो होतो. मंडळी बंद पडली, पडदे विकले गेले, पण त्याचं हे मत काही सुटलं नाही.

म्हातारपणी त्याची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी पाणीसुद्धा मोजून प्यायला सांगितलं. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, डोळ्यांत तेल घालून सगळं पाळायच्या. तेवढ्यात त्याच्या जावयाचा कारखाना बंद पडला आणि जावई एका रसाची विक्री करू लागला. कुठल्याशा दूरच्या बेटांवरचं, खडबडीत सालीचं फळ. पत्रकावर बत्तीस रोग छापलेले: सांधे, साखर, मूत्रपिंड, अगदी टक्कलसुद्धा. कुजबुजेने ते वाचून माझ्याकडे सरकवलं. "बाई, एवढे रोग तर आपल्या खलनायकाला शेवटच्या अंकातही झाले नव्हते." जावयाने भेट दिलेली बाटली त्याने खिडकीला टेकण म्हणून लावली.

मग त्याची मुलगी माझ्याकडे आली. जावयाने रसाच्या विक्रीसाठी सभा ठरवली होती. "मावशी, दोन मिनिटं बोला. तुमचं नाव अजून आहे लोकांत." पोरीचा चेहरा ओढलेला. मला नाही म्हणवेना. त्यांनी मला एक कागद आणि एक बाटली दिली. बाटली मी कपाटात ठेवली, कागद पाठ केला.

सभागृहात दीडेकशे माणसं होती. कुजबुजे सवयीने विंगेत जाऊन बसला, माझा कागद गुडघ्यावर घेऊन. मी बोलू लागले. समोर सगळं थंड. एक बाई तर पिशवीत काहीतरी शोधत होत्या. पंचवीस वर्षांनी रंगमंचावर उभी होते. समोरची बाई पिशवीत डोकं घालून बसलेली मला सोसेना. कागद संपला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तीन महिन्यांपूर्वी मला जिन्याच्या दोन पायऱ्या चढवत नव्हत्या. काल धुण्याची बादली घेऊन गच्चीवर गेले. वर पोचले आणि रडले."

बाईंची पिशवी बंद झाली. मग टाळ्या. मी वाकून नमस्कार केला आणि डावीकडे पाहिलं. कुजबुजे कानामागची पेन्सिल काढून समासात टिकली काढत होता.

दुसऱ्या दिवसापासून त्याने रस सुरू केला. आधी अर्धा कप, मग पूर्ण, मग दोनदा. हे मला कळलं दोन महिन्यांनी, वहिनींचा फोन आला तेव्हा.

तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. प्रत्येक वळणावर कठड्याला धरून मी वर पोचले. त्याचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. वहिनींनी रिपोर्ट दाखवला. "डॉक्टर म्हणतात, त्या रसात पोटॅशियम फार. ह्यांची मूत्रपिंडं ते बाहेर टाकू शकत नाहीत. हृदय बंद पडेल म्हणाले. ताई, तुम्ही सांगा. तुमचंच ऐकून सुरू केलंय."

मी समोर बसले. "अरे कुजबुजे, मी खोटं बोलले. मी तो रस चाखलासुद्धा नाही."

तो शांतपणे ऐकत होता. "परत म्हणा."

मी परत म्हटलं.

"'खोटं'च्या आधी श्वास घेतलात. पाठ करून आलात, बाई. हिने लिहून दिलं का?"

पाठ तर केलंच होतं. आयुष्यभर महत्त्वाचं काहीही मी पाठ केल्याशिवाय बोललेले नाही. दुसऱ्या दिवशी मी सील न फोडलेली बाटली घेऊन गेले. "ही दुसरी आणली असेल," तो म्हणाला. जावई आला, सासऱ्याच्या पायाशी बसला, "नका घेऊ," म्हणाला. "तू घाबरलायस रे," म्हणून त्याने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणे, "ते रिपोर्ट बघून बोलतात. पुस्तकातलं."

वहिनींनी बाटल्या फेकल्या. जावयाने देणं बंद केलं. पण खालच्या मजल्यावरचा शिंपी आता रस विकतो. माझं भाषण ऐकूनच तो त्यात पडला. कुजबुजे दोरीला पिशवी बांधून खिडकीतून खाली सोडतो, बाटली वर येते.

मागच्या आठवड्यात त्याला दोन दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. घरी आला त्या दुपारी मी पुन्हा गेले. या वेळी काही पाठ केलं नव्हतं. तिन्ही जिने चढता चढता गुडघ्यातून कळा येत होत्या, दारात पोचले तेव्हा तोंडून शब्द फुटेना. मी चौकट धरून नुसती उभी राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हटलं, आता तरी याला दिसेल.

तो उशीला टेकून बसला होता, हातात रसाचा कप. मला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"बघ," तो वहिनींना म्हणाला, "आल्या की नाही वर? आणि पोचल्यावर रडतायत. अगदी म्हणाल्या होत्या तसंच."

त्याने कप तोंडाला लावला.